सातारा व सांगली येथील सन्मान तलवारी

सातारा व सांगली येथील सन्मान तलवारी म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह भोसले आणि सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्यासाठी मंजूर केलेल्या दोन तलवारी होत. यांपैकी साताऱ्याची तलवार छत्रपतींच्या हाती कधीच पडली नाही.

पेशवाईच्या अस्तानंतर कंपनीने प्रतापसिंहांना गादीवर बसवले व २५ सप्टेंबर १८१९ रोजी त्यांच्याशी तह केला. १८२२ मध्ये राज्यकारभार त्यांच्याकडे सोपवण्यात आला. या कारभारावर संतुष्ट होऊन लंडनमधील संचालक मंडळाने १८३५ मध्ये प्रशंसापत्र व तलवार पाठवली. त्या सुमारास जहागिरींवरील हक्कावरून छत्रपती व मुंबई सरकार यांच्यात वाद चालू होता. सरकारने ही भेट अडवून ठेवली. म्हणजे सन्मान लंडनने मंजूर केला आणि रोखला मात्र मुंबईने. पुढे गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याच्या व कंपनीच्या फौजेतील देशी अंमलदारांना फितवल्याच्या आरोपांवरून सप्टेंबर १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले, परंतु निर्णय बदलला नाही. १८४७ मध्ये काशी येथे हद्दपारीतच प्रतापसिंहांचे निधन झाले आणि पुढील वर्षी त्यांचे बंधू शहाजी यांच्या मृत्यूनंतर राज्य खालसा झाले.

चिंतामणरावांना १८४६ मध्ये तलवार प्रत्यक्ष मिळाली. उच्च चारित्र्य व ब्रिटिश सरकारवरील अढळ निष्ठा ही तिची नोंदवलेली कारणे होत. सांगली संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन होईपर्यंत टिकले.