मासा कोणाच्या नावावर?

खोल समुद्रातील मोठ्या माशांची स्पर्धा ही आपल्या वाचकांच्या रोजच्या परिचयातील गोष्ट नव्हे. कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारी हा पोटाचा धंदा आहे. तेथे चढाओढ लागते ती भाव उतरण्याआधी बंदराला कोण लागतो याची, आणि त्याबद्दल कोणी कोणाला चषक देत नाही. परंतु अमेरिका, क्युबा, बहामा, पेरू, हवाई या भागांत सव्वाशे वर्षांत एक निराळाच खेळ वाढला. प्रवेश फी भरून नाव नोंदवायचे, नौका घेऊन दूर निळ्या पाण्यात जायचे, गळाची काठी आणि रीळ यांच्या जोरावर टूना किंवा मार्लिन ओढून आणायचा. ज्याचा मासा काट्यावर सर्वांत जड, त्याचे नाव फलकावर. टूना म्हणजे आपल्याकडच्या कुपाच्या जातकुळीतला मासा. मार्लिन त्याहून मोठा, भाल्यासारख्या लांब तोंडाचा. या खेळाचा इतिहास वाचताना आम्ही एकाच प्रश्नापाशी पुन्हा पुन्हा अडलो. मासा पकडला कोणी, हे ठरते कशावरून?

प्रारंभ कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटावर झाला. चार्ल्स फ्रेडरिक होल्डर या लेखकाने १८९८ च्या जून महिन्यात तेथे १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोचा टूना काठीने पकडला. त्याच वर्षी त्याने ॲव्हलॉन गावात 'टूना क्लब' स्थापन केला. त्यापूर्वी तेथे लोक जाड हातदोराने भराभर मासे ओढीत आणि खाण्यापुरते ठेवून उरलेले फेकून देत. होल्डरला हे पसंत नव्हते. माशालाही सुटण्याची संधी मिळावी, म्हणून दोर बारीक हवा, काठी हलकी हवी आणि झुंज एकट्या माणसाची हवी, असे त्याचे म्हणणे. हेतू चांगलाच होता. मात्र त्या दिवसापासून हातदोर हे कमी प्रतीचे साधन ठरले. जगातील बहुतेक गरीब कोळी ज्या साधनाने मोठा मासा धरत आले, ते या खेळाच्या दाराबाहेर राहिले.

पुढे १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात मायकेल लर्नर यांच्या पुढाकाराने या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिचे नियम आजही बहुतेक स्पर्धांचा पाया आहेत. मासा गळाला लागल्यापासून शेवटची जाड दोरी खलाशाच्या हाताशी येईपर्यंत काठी, रीळ किंवा दोर यांना दुसऱ्या कोणाचाही हात लागता कामा नये. हातदोर चालणार नाही. आणखी एक नियम असा की, नौकेवर घेण्याआधी शार्कने किंवा दुसऱ्या प्राण्याने माशाला कातडीखालपर्यंत चावा घेतला असेल, तर तो मासा बाद. कारण उघड आहे. जखमी माशाशी झुंज ही पूर्ण झुंज नाही.

आता नौकेवर प्रत्यक्ष काय चालते ते पाहू. पाण्याचा रंग, पक्ष्यांचे थवे, प्रवाहाची कड पाहून जागा ठरवतो तो नौकेचा चालक. आमिष गळाला शिवतो तो खलाशी. मासा लागला की चालक नौका मागे, आडवी, पुन्हा मागे अशी फिरवत राहतो, नाहीतर रिळावरचा शेकडो मीटर दोर बघता बघता संपेल. काठीवाला खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेला असतो. त्याची मेहनत खोटी नाही, तासन्‌तास पाठ आणि हात मोडतात. शेवटी हातमोजे घालून ती जाड दोरी हातात धरतो आणि आकडा मारतो, तो पुन्हा खलाशीच. एवढे होऊन विक्रमाच्या यादीत नाव एकाचेच. पेरूच्या काबो ब्लांकोजवळ ४ ऑगस्ट १९५३ रोजी आल्फ्रेड ग्लासेल यांनी १,५६० पौंडांचा, सातशे किलोंहून जड काळा मार्लिन पकडला. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही, आणि तो ग्लासेल यांचाच म्हणून ओळखला जातो.

आम्ही उर्दू माध्यमात शिकवतो, त्यामुळे शब्दाचे मूळ शोधण्याची खोड आहे. उर्दूत जहाजाच्या कप्तानाला 'नाखुदा' म्हणतात. फारसीतील नाव आणि खुदा, म्हणजे धनी, मिळून हा शब्द झाला. आपल्या किनाऱ्यावर त्याचाच 'नाखवा' झाला. उर्दू शायरीत नौका बुडाली तर दोष नाखुदाचा आणि तरली तर कृपा खुदाची. या स्पर्धांतील नाखुदाची गत फारशी वेगळी नाही. आपल्याकडे निदान वाटा ठरलेला असतो. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, खलाशाचा वाटा. तेथेही बक्षिसातून खलाशांना हिस्सा देण्याचा रिवाज आहे. पण हिस्सा निराळा आणि नाव निराळे.

या साऱ्याचे सर्वांत बोलके उदाहरण क्युबात सापडते. अर्नेस्ट हेमिंग्वे १९३२ पासून हवानाच्या समुद्रात मार्लिनमागे लागला. १९३४ मध्ये त्याने 'पिलार' ही ३८ फुटी नौका बांधून घेतली. मार्लिन कोणत्या खोलीवर फिरतो, आमिष कसे घेतो, हे त्याने क्युबन कोळ्यांकडून शिकून घेतले. कार्लोस गुतिएर्रेझ हा त्याचा पहिला मोठा उस्ताद. पुढे ग्रेगोरिओ फुएन्तेस हा कॅनरी बेटांत जन्मलेला खलाशी पिलारवर आला आणि अखेरपर्यंत राहिला. हेमिंग्वेने त्यांचे ऋण नाकारले नाही, हे नोंदवले पाहिजे. १९३६ मध्ये एका मासिकात त्याने एका म्हाताऱ्या क्युबन कोळ्याची हकीकत लिहिली. एका मार्लिनने त्याला लहान होडीसकट दूर समुद्रात ओढत नेले. त्याने तो जिंकला, पण शार्कनी खाल्ला. लोकांना तो सापडला तेव्हा मासा अर्धाही उरला नव्हता. हीच हकीकत १९५२ मध्ये 'द ओल्ड मॅन अँड द सी' झाली.

तोपर्यंत हवानात स्पर्धा सुरू झाली होती. १९५० साली तिचा आरंभ झाला, हेमिंग्वेने तिला आपले नाव आणि चषक दिला. यॉट, काठी आणि रीळ यांचा हा खेळ होता. वल्ह्याच्या होडीला आणि हातदोराला त्यात जागा नव्हती. म्हणजे ज्या म्हाताऱ्याच्या कथेने हेमिंग्वेला १९५४ च्या नोबेलपर्यंत नेण्यात मोठा वाटा उचलला, त्या म्हाताऱ्याला हेमिंग्वेच्याच नावाच्या स्पर्धेत उतरता आले नसते. समजा, कोणी मेहरबानी करून उतरू दिले असते, तरी त्याचा मासा दोनदा बाद झाला असता. एकदा हातदोरामुळे, एकदा शार्कच्या चाव्यांमुळे. गंमत अशी की, झुंजीत दुसऱ्याचा हात लागू नये ही अट त्याच्याइतकी पुरी कोण करणार? त्याच्या होडीत दुसरे कोणी नव्हतेच.

हा नुसता कल्पनेचा खेळ नाही. अमेरिकेत उत्तर कॅरोलायना राज्यात मोरहेड सिटी येथे 'बिग रॉक' नावाची स्पर्धा दरवर्षी जूनमध्ये भरते. तिचे मूळ १९५७ मधील. त्या किनाऱ्यावर निळा मार्लिन प्रथम आणणाऱ्याला हातगाडीभर चांदीचे डॉलर दिले गेले होते. आता ती हातगाडी लाखो डॉलरची झाली आहे. प्रवेश फीखेरीज ऐच्छिक डावांचे अनेक थर असतात. ज्या थराचे पैसे भरले नाहीत, त्याचे बक्षीस मासा कितीही मोठा असला तरी मिळत नाही. अशा डावांना तिकडच्या स्पर्धांत सरसकट 'कॅलकटा' म्हणतात. इंग्रजी अमलात कलकत्त्याच्या घोड्यांच्या शर्यतींवर जो सामाईक डाव लावीत, त्यावरून हे नाव पडले. आपल्या देशातील एका शहराचे नाव अटलांटिकच्या किनाऱ्यावर असे वापरात आहे. बक्षीस कोठे संपते आणि किमार कोठे सुरू होतो, हा फिकहच्या जाणकारांचा प्रश्न आहे, त्यात आम्ही शिरत नाही.

तर या स्पर्धेत २०२३ साली शेवटच्या दिवशी 'सेन्सेशन' नावाच्या नौकेने सहा तासांहून अधिक झुंज देऊन ६१९.४ पौंडांचा निळा मार्लिन आणला. धक्क्यावर रात्री गर्दी जमली होती. माशावर चाव्याच्या खुणा होत्या. आयोजकांनी सागरी जीवशास्त्रज्ञ आणि आंतरराष्ट्रीय संघटना यांचा सल्ला घेतला आणि दुसऱ्या दिवशी मासा बाद ठरवला. सुमारे ३५ लाख डॉलर हातचे गेले. ४८४.५ पौंडांचा मासा आणणारी नौका पहिली आली. निर्णय नियमाला धरूनच होता, असे आमचे मत आहे. पण सांतियागोच्या कथेवर पोसलेल्या जगाला तो गिळणे जड गेले, यात नवल नाही.

आम्हाला त्याहून बोलके वाटते ते याच स्पर्धेतील २०१० चे प्रकरण. ८८३ पौंडांचा, चारशे किलोंचा निळा मार्लिन. पहिले बक्षीस नऊ लाख डॉलरांहून अधिक. चौकशीत निघाले की, मासा लागला तेव्हा नौकेवरच्या एका खलाशाकडे राज्याचा मासेमारी परवाना नव्हता. परवान्याची किंमत १५ डॉलर. किनाऱ्याकडे परतताना त्याने तो काढला होता, पण उशीर झाला होता. मासा बाद. जो खलाशी एरवी हिशेबात नाही, ज्याचा हात काठीला लागता कामा नये, त्याच्या एका कागदाने सगळ्यांचे बक्षीस गेले. शिक्षेच्या वेळी तोही मासा पकडणाऱ्यांपैकी एक ठरला.

मेरीलँडमधील 'व्हाइट मार्लिन ओपन' स्पर्धेत २०१६ साली असेच घडले. २८ लाख डॉलरच्या माशासाठी काठीवाल्याबरोबर चालक आणि खलाशी यांनाही खोटे पकडणाऱ्या यंत्रापुढे बसवले गेले. ठरलेल्या साडेआठ वाजण्यापूर्वीच गळ पाण्यात सोडल्याचा आक्षेप होता. २०१७ मध्ये न्यायालयाने आयोजकांच्या बाजूने निकाल दिला आणि रक्कम इतर विजेत्यांत वाटली गेली. साक्ष सर्वांची घेतात, हे येथेही दिसले.

क्युबातील स्पर्धा क्रांतीनंतरही बंद पडली नाही. मे १९६० मध्ये फिडेल कॅस्ट्रो स्वतः उतरला आणि वैयक्तिक चषक जिंकला. हेमिंग्वेने तो त्याच्या हाती दिला, त्या वेळचे छायाचित्र जगभर गेले. दोघांची ज्ञात भेट तेवढीच. पुढच्या वर्षी हेमिंग्वे अमेरिकेत वारला. पिलार त्याने फुएन्तेसला दिली, आणि फुएन्तेसने ती क्युबन सरकारच्या स्वाधीन केली. आज ती हेमिंग्वेच्या हवानाजवळील घराच्या आवारात कोरड्या जमिनीवर उभी आहे. फुएन्तेस कोहिमार गावी राहिला, पाहुण्यांना जुन्या गोष्टी सांगत राहिला आणि जानेवारी २००२ मध्ये १०४ व्या वर्षी वारला.

कोहिमार हे हातदोराच्या कोळ्यांचे गाव. हेमिंग्वे गेल्यावर तेथील कोळ्यांनी समुद्राकाठी त्याचा अर्धपुतळा उभारायचे ठरवले. ब्राँझ विकत घ्यायला पैसे नव्हते. म्हणून त्यांनी आपापल्या होड्यांचे जुने पंखे आणि धातूचे सुटे भाग वितळवायला दिले. १९६२ पासून तो पुतळा तेथे आहे.