राज्य हाती आलं तेव्हा

देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला. निजामाच्या हैदराबाद संस्थानात मात्र त्या दिवशी तिरंगा फडकावणाऱ्याच्या वाट्याला तुरुंग होता. आमचा बीड जिल्हा त्याच संस्थानात. केज तालुक्यातल्या आमच्या गावातली जुनी माणसं म्हणायची, "आपण तेरा महिने उशिरा सुटलो." त्या तेरा महिन्यांच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो.

आजोबा सांगत, नगरकडून माल आणायचा तर वाटेत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. पीक निघालं की लेव्हीची, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीची माणसं दारात. कचेरीचा कागद उर्दूत, त्यामुळे स्वतःच्याच जमिनीत काय लिहिलंय हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं. गश्ती क्रमांक 53 या सरकारी हुकमामुळे सभेलाही परवानगी लागायची. पुढे निजामाच्या बाजूनं दहशत माजवणारे सशस्त्र रझाकार आले. आजी तेव्हा नवी सून होती. दागिने फडक्यात बांधून पेवात ज्वारीखाली पुरल्याचं ती सांगायची, तेव्हाही तिचा आवाज खाली यायचा.

या राजवटीविरुद्धचा लढा आमच्याकडे शाळेतून उभा राहिला, याचा मला अभिमान आहे. अंबाजोगाई म्हणजे मुकुंदराज आणि दासोपंतांचं गाव. निजामाच्या दप्तरी त्याचं नाव मोमिनाबाद. तिथल्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. खादी, शिस्त, साधी राहणी हीच तिथली शिकवण. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि हा संन्यासी शाळा सोडून सत्याग्रहात उतरला. आपल्या मातीतलं स्वातंत्र्य जुनं सगळं पुसून आलेलं नाही. देवीच्या नावाची शाळा, संतांची भाषा आणि संन्याशाचं व्रत यांच्या आधारानं ते वाढलं. म्हणून परंपरा आणि स्वातंत्र्य यांचं वैर असतं, हे मला कधी पटलं नाही.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 सप्टेंबरला निजाम शरण आला. शाळेतल्या भाषणांत गोष्ट इथे संपते. आमच्या ओसरीवर मात्र ती इथून पुढे सुरू व्हायची. या कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, मराठवाड्यात अनेक ठिकाणी निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पाहणीसाठी सुंदरलाल समिती पाठवली. तिचा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. आमच्या गावात गाद्यांचा कापूस पिंजणारं एक गरीब मुसलमान घर होतं. पणजोबांनी त्या घरातल्या बायका-मुलांना आमच्या माजघरात आणलं आणि स्वतः दारात बाज टाकून बसले. जमाव आला. त्यात भावकीतलेही होते. रझाकारांनी पणजोबांची ज्वारी नेली होती, मारही दिला होता. तरी ते एवढंच म्हणाले, "रझाकारानं नेलं ते नेलं. ह्या माणसानं आपलं काय नेलं?" बराच वेळ कुणी हललं नाही. मग एकेक जण परत फिरला.

पणजोबा शाळेत गेले नव्हते. पण राज्य आपलं झालं म्हणून आपल्याला सगळं माफ झालं असं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. जुलमी सत्ता उलथायला धाडस लागतं. सत्ता हातात आल्यावर स्वतःला आवरायला त्याहून जास्त लागतं. 26 जानेवारी 1950 पासून हेच आवरणं संविधानानं सगळ्यांसाठी कायदा म्हणून लिहून ठेवलं.

1952 ला पहिलं मतदान झालं. आजी ठेवणीतलं नऊवारी नेसून रांगेत उभी राहिली, मागे-पुढे गावकुसाबाहेरच्या बायका. बीडनं त्या वेळी सत्ताधारी काँग्रेसला नाकारून अंबाजोगाईच्या बाबासाहेब परांजपे यांना लोकसभेत पाठवलं. 1967 मध्ये साताऱ्याकडच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना निवडून दिलं. जात, गाव, गोत न पाहता माणूस पारखणारा हा जिल्हा होता.

आज याच जिल्ह्याचं नाव खंडणीच्या, दहशतीच्या आणि खुनाच्या बातम्यांत येतं. आडनाव पाहून लोक दुकानाची पायरी चढायची की नाही ते ठरवतात. निवडून आलेल्यांना मतदारसंघ जहागीर वाटतो आणि आपणही त्यांना मुजरे करतो. निजाम गेला, जहागिरीची सवय आपण घरात ठेवून घेतली.

दर 17 सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो, ते केलंच पाहिजे. पण त्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा आणि लढ्याबरोबर त्यानंतरच्या दिवसांचंही विचारा. कोण कुणाच्या दारात उभं राहिलं, हे मुलांना नावानिशी सांगा. ती पिढी आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे.