लोणारचा गुलाबी रंग आणि स्क्रीनचा आवाका

आजचा प्रश्न साधा आहे. स्क्रीन जास्त रंग दाखवू लागली, की चित्र जास्त चांगलं होतं का?

उदाहरण आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलंच घेऊ. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं हिरवट पाणी गुलाबी झालं. कोरोनाचे दिवस. काठावर जाऊन बघणारे थोडे, मोबाइलवर बघणारेच जास्त. कुणाच्या फोटोत पाणी फिकट गुलाबी, कुणाच्या फोटोत थेट लाल. मग खरा रंग कोणता?

थोडं मागं जाऊ. माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या रंगांचा नकाशा १९३१ साली प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगानं आखला. पुढे १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं संगणकासाठी ‘एसआरजीबी’ हे माप सुचवलं. त्या नकाशाचा साधारण एक तृतीयांश भागच या मापात बसतो. बाहेरची छटा आली, की ती आतल्या जवळच्या रंगावर आणून बसवावी लागते. गर्द निळसर हिरव्या छटा यात बऱ्याच मार खातात. म्हणजे आवाक्याला महत्त्व आहेच.

पण लोणारचा गुलाबी तसा मळकट, फिका. असा रंग साध्या स्क्रीनवरही आरामात मावतो. फोटोफोटोत फरक पडतो तो ढगांमुळे, कॅमेऱ्यानं पांढरा कशाला मानलं त्यामुळे, आणि नंतर कुणी रंग भडक केले त्यामुळे. निकाल शेवटी पाण्यानंच दिला. नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले. खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव गुलाबी रंगद्रव्य तयार करतात, ते त्यामागचं कारण निघालं.

आता चित्रकाराकडे वळू. शेजारच्या अजिंठ्यात काय वापरलंय? गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा, आणि लाजवर्दाचा निळा. रंग मोजके, पण एकमेकांशेजारी असे ठेवले की कातडीचा उजाळा आणि मोत्यांची चमक दिसते. तिथं कमी आवाक्यानं काही अडलं नाही.

तेव्हा चित्र काढणाऱ्यानं महागड्या स्क्रीनसाठी थांबू नये. फोटो नोंद म्हणून काढणाऱ्यानं मात्र मूळ फाइल जपावी, तारीख-वेळ लिहावी, एका फोटोत पांढरा कागद धरावा. सरोवर उद्या पुन्हा रंग बदलेल, तेव्हा तुलनेला हेच कामी येईल.