मॅग्नम, काळवीट आणि एक सरकारी हुकूम

'मॅग्नम' म्हटलं की हल्ली बहुतेकांना चॉकलेटचं आईस्क्रीम आठवतं. थोड्या जुन्या मंडळींना १९७१ च्या 'डर्टी हॅरी'मधला क्लिंट ईस्टवुड आठवेल. पण मूळचा शब्द बाटलीचा. नेहमीच्या दुप्पट, म्हणजे दीड लिटरची शॅम्पेनची बाटली ती मॅग्नम. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या बंदूकवाल्यांनी तो उचलला. गोळी तेवढ्याच जाडीची, पण तिच्यामागे भरलेली दारू नेहमीपेक्षा जास्त, की झालं मॅग्नम काडतूस. इंग्रजीत हे रूपक समजावून सांगावं लागत असेल. मराठीत दोन्हीकडे दारूच असल्याने काम आपोआप होतं.

अमेरिकेत स्थायिक झालेला माझा एक जुना सहकारी दर हिवाळ्यात एल्कच्या (आपल्या सांबराचा थोराड चुलतभाऊ) शिकारीला जातो. लांब पल्ल्यासाठी 'सेव्हन एमएम रेमिंग्टन मॅग्नम' बरं की '.३०० विंचेस्टर मॅग्नम', यावर तो तासभर बोलू शकतो. एकेकाळी आपण जावा की डॉटनेट यावर भांडायचो ना, तस्सं. मागच्या खेपेला तो आला तेव्हा माझे मामा शेजारी बसून ऐकत होते. मामांची शेती हिवरा आश्रमजवळ, मेहकर तालुक्यात. विवेकानंद आश्रमाच्या महाप्रसादामुळे ज्याचं नाव पेपरात येतं तेच हे गाव. सगळं ऐकून घेतल्यावर मामांनी एकच प्रश्न विचारला, "थे सारं ठीक हाय बाबू, पण आमच्या डुकराले चालते काय हे?"

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी जे वाचत गेलो ते इतकं मजेदार निघालं की म्हटलं या शनिवारी हेच लिहू.

आधी जरा शाळेतलं भौतिकशास्त्र. गोळी कितीही वेगाने सुटली तरी नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून ती खाली पडायला लागते, हातातून सुटलेल्या दगडासारखी. हवेचा विरोध सोडून देऊ. सेकंदाला ४५० मीटर वेगाची गोळी (जुन्या काळ्या दारूच्या रायफलींचा वेग साधारण असा) ३०० मीटर जायला ०.६७ सेकंद घेते. तेवढ्यात ती जवळजवळ २ मीटर १८ सेंटिमीटर खाली येते. वेग दुप्पट करा, ९०० मीटर. वेळ निम्मा, घसरण चौथाई, म्हणजे ५४ सेंटिमीटर. मॅग्नमचं सगळं तत्त्वज्ञान यात आलं. जनावर २५० मीटरवर आहे की ३००, हा अंदाज थोडा चुकला तरी वेगवान गोळी ती चूक पोटात घालते. संथ गोळी घालत नाही. ती जनावराच्या पोटाखालून निघून जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्याचा पाय मोडते.

हा विचार पद्धतशीरपणे करणारा एक माणूस आपल्या शेजारीच वावरला होता हे मला ठाऊक नव्हतं. कॅप्टन जेम्स फोर्सिथ. मध्य प्रांतात जंगलखात्यात होता, पुढे मेळघाटाला लागून असलेल्या निमाडात अधिकारी. 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे त्याचं पुस्तक १८७१ साली आलं आणि त्याच वर्षी तो वारला. त्याआधी १८६३ मध्ये त्याने शिकारी रायफली आणि त्यांच्या गोळ्यांवर एक पुस्तक लिहिलं होतं. त्याचा मुद्दा असा की जंगलात जनावर दिसतं जवळच, म्हणून शंभर-दीडशे यार्डांपर्यंत गोळी जवळपास सरळ जावी आणि दर वेळी निशाणीची पट्टी वरखाली करावी लागू नये. त्यासाठी त्याने मोठ्या तोंडाची नळी, शिशाची गोल गोळी, आत अगदी संथ पीळ आणि भरपूर दारू असा मेळ सुचवला. आज ५०० मीटरवर बोलणाऱ्यांना हसू येईल, पण प्रश्न तोच आहे. फक्त पल्ला वेगळा.

पल्ला का वेगळा? कारण इथली वाघाची शिकार ही लांबून मारायची शिकार नव्हतीच. मचाणावर बसायचं, हाकारे वाघाला झाडीतून पुढे काढायचे, तो वीस-तीस पावलांवर आला की चाप ओढायचा. तिथे प्रश्न घसरणीचा नसतो. वाघ जाग्यावर बसतो की नाही, एवढाच असतो.

लांब पल्ला लागायचा तो काळविटाला. आणि तो आपल्या सपाट मुलखातला, वऱ्हाडाच्या काळ्या रानातला. उघड्यावर चरणारा कळप माणूस पायी येताना दिसला की वाऱ्यावर स्वार होतो. पण बैलगाडीचं त्याला भय नसे, ती रोजची. म्हणून शिकारी साहेब गाडीच्या आडोशाने तिरका तिरका जवळ सरकायचा आणि गाडी चालत असतानाच हळूच खाली उतरून गोळी टाकायचा. आपल्याकडची दमणी किंवा रेंगी म्हणजे एका अर्थाने पल्ला कमी करणारं यंत्र! मॅग्नमला जे काम हजारो रुपयांच्या लोखंडाने जमतं ते दोन बैल करत होते.

१८९० च्या दशकात धूर न करणारी दारू आली, कॉर्डाइट. १८९८ मध्ये लंडनच्या जॉन रिग्बीने तिच्यावर '.४५० नायट्रो एक्स्प्रेस' हे काडतूस काढलं. ('एक्स्प्रेस' हा शब्द रेल्वेवरून. जेम्स पर्डीने १८५६ मध्ये आपल्या वेगवान रायफलींना 'एक्स्प्रेस ट्रेन' म्हटलं होतं.) गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे ३१ ग्रॅम, वेग सेकंदाला साधारण ६५५ मीटर. हत्ती, गवा, वाघ, सगळ्याला पुरेल असं हे काडतूस लगेच लोकप्रिय झालं.

आणि मग सरकार मध्ये आलं. हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये जुन्या मार्टिनी-हेन्री फौजी रायफली मोठ्या संख्येने फिरत होत्या, त्यातल्या बऱ्याच बंडखोरांच्या हातात. त्यांचीही गोळी .४५० चीच. उद्या एखाद्या साहेबाच्या बंगल्यातून शिकारी काडतुसं चोरीला गेली, त्यातली गोळी उपसून मार्टिनीच्या काडतुसात बसवली तर? म्हणून १९०७ च्या सुमारास .४५० ची आयात या दोन्ही मुलखांत बंद झाली. लंडन-बर्मिंगहॅमच्या कारखानदारांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एका हुकुमासरशी गेलं. त्यांनी काय केलं? जो तो .४५० च्या किंचित पुढे सरकला. हॉलंड अँड हॉलंडने .४६५ काढलं, जोसेफ लँगने .४७०, वेस्टली रिचर्ड्सने .४७६. कामात जवळजवळ काहीच फरक नाही. आजही आफ्रिकेत मोठ्या शिकारीला .४७० वापरतात, आणि जाणकार त्याच्या गुणांची चर्चा करतात. त्या आकड्यामागे बॅलिस्टिक्स नाही, कलकत्त्याच्या सरकारची धास्ती आहे. क्लायंटच्या एका विचित्र अटीमुळे कोडमध्ये घातलेली तडजोड वीस वर्षांनी 'डिझाइन' म्हणून शिकवली जाते, तो प्रकार आपल्या ओळखीचाच.

दुसरी अट उन्हाची. मध्य प्रांत-वऱ्हाडात वाघाच्या शिकारीचा हंगाम एप्रिल-मे, कारण पाणवठे आटले की वाघ उरलेल्या पाण्यापाशी सापडतो. आता खामगाव-अकोल्याच्या ४५ अंशांच्या दुपारी गाडीत तापलेलं काडतूस डोळ्यापुढे आणा. कॉर्डाइटला उष्णता सोसत नाही, दारू जोराने जळते, नळीतला दाब वाढतो आणि पितळेची पुंगळी फुगून आतच अडकते. इंग्लंडच्या थंडीत तपासलेलं काडतूस इथे नेमकं वाघ अंगावर आल्यावर अडकणार. त्यामुळे कारखानदारांनी उष्ण देशांसाठी दारू कमी भरलेली काडतुसं वेगळी विकली, आणि पुंगळ्या मुद्दाम मोठ्या ठेवल्या, म्हणजे दाब कमी राहील.

१९१२ चं '.३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम' याच विचारातून आलेलं. पुंगळी लांब आणि पुढे निमुळती होत गेलेली, त्यामुळे ती सहज आत सरकते आणि सहज बाहेर येते. पण निमुळतेपणामुळे तिला ठळक खांदा नाही. मग काडतूस नळीत नेमकं कुठे थांबायचं? त्यासाठी बुडाशी पितळेचं एक कडं ठेवलं. ३०० ग्रेनची गोळी, सेकंदाला ७६० मीटरच्या आसपास. वाघालाही पुरे, दूरच्या सांबरालाही. एकच रायफल परवडणाऱ्यासाठी याहून शहाणं काडतूस त्या काळात नव्हतं, असं माझं (बंदूक कधीही न चालवलेल्या माणसाचं) मत झालंय.

गंमत त्या कड्याची. १९६२ चं सेव्हन एमएम रेमिंग्टन मॅग्नम आणि १९६३ चं .३०० विंचेस्टर मॅग्नम दोघांनाही चांगला ठळक खांदा आहे. कड्याची गरज नाही. तरी कडं आहे, कारण मूळ पुंगळी .३७५ च्या घराण्यातली, आणि तोवर गिऱ्हाइकाच्या डोक्यात 'कडं म्हणजे मॅग्नम' हे पक्कं बसलेलं. शुद्ध लेगसी कोड. मित्राला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते कडं काढून टाकायला काडतूसवाल्यांना बराच काळ लागला.

पण १९०७ साली आणखी एक गोष्ट घडली, आणि ती या सगळ्या मॅग्नम-पुराणाच्या विरोधात जाते. कुमाऊँमध्ये जिम कॉर्बेटने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. नोंदीनुसार तिने ४३६ माणसं मारली होती. बक्षीस म्हणून कॉर्बेटला मिळालेली रायफल होती रिग्बीची .२७५, म्हणजे साधं ७ मिलिमीटर माउझर काडतूस. मॅग्नम नाही, एक्स्प्रेस नाही. आणि वाघीण नरभक्षक का झाली? तिचे उजव्या बाजूचे सुळे मोडले होते. कधीतरी कोणाची तरी गोळी तोंडाला लागून गेली होती, त्यामुळे तिला नेहमीचं भक्ष्य मारता येईना. ती गोळी कोणत्या बोअरची होती याने काय फरक पडतो! मारणारा तिच्यामागे गेला नाही, एवढं नक्की.

बोअरची भीती सरकारच्या मनातून पुढेही गेली नाही. .३०३ हे फौजेचं काडतूस, म्हणून सामान्य नागरिकाला ते बंद. पर्याय म्हणून .३१५ आलं. ही खरी ऑस्ट्रियन फौजेच्या जुन्या ८ मिलिमीटर मानलिखरची पुंगळी, तिची गोळी.३०३ मध्ये बसत नाही, हाच तिचा मोठा गुण. स्वातंत्र्यानंतरही तेच चालू राहिलं. ईशापूरच्या कारखान्याची .३१५ रायफल आणि तिची काडतुसं आपल्या पुण्यातल्या खडकीची. देशात परवान्यावर रायफल म्हटली की बहुधा हीच. मित्राच्या मॅग्नमच्या तुलनेत ही म्हणजे हिंजवडीच्या ट्रॅफिकमधली राजदूत.

असो. वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला. शिकारीचा विषय तिथे संपला. मामांचा संपला नाही. सोयाबीन शेंगांवर आलं की रानडुकरांचा कळप एका रात्रीत एकराचा पाऊण एकर करतो, आणि तुरीत रोही (नीलगाय) शिरल्या की काही विचारू नका. २०१५ मध्ये राज्य शासनाने पिकं उद्ध्वस्त करणारी रानडुकरं आणि रोही वनाधिकाऱ्यांच्या परवानगीने मारण्याची वाट मोकळी केली. पण मारायचं कशाने?

इथे मित्राच्या हट्टाखातर कल्पना करून पाहू की मामांच्या हातात .३०० मॅग्नम आहे. हिवऱ्याचं रान जवळपास सपाट. रात्र. टॉर्चच्या उजेडात डुक्कर ८० मीटरवर. गोळी चुकली, किंवा आरपार गेली. पुढे कोलोराडोच्या डोंगराचा उतार नाही ती अडवायला. ती तीन-चार किलोमीटर सहज जाते, आणि त्या अंतरात तुरीच्या बांधावर, माळ्यावर दहा-पंधरा जण तरी जागलीला बसलेले असतात. लांब पल्ला हाच तिथे दोष.

शस्त्र कायदा, १९५९ (१८७८ चा इंग्रजांचा कायदा रद्द करून आलेला) यातल्या १३ व्या कलमात पिकाच्या राखणीचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्यासाठी जी बंदूक सांगितली आहे ती ठासणीची. म्हणजे तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी किंवा छर्रे, मग गजाने ठासायचं. फोर्सिथच्याही आधीचं तंत्रज्ञान. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही सरकारी थट्टा वाटली. पल्ला जेमतेम पन्नास-साठ पावलं, एक बार काढला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर शेजारच्या तालुक्यात. कलम लिहिणाऱ्यांच्या मनात बंडखोर होते की शेजारच्या बांधावरचा माणूस, ते कलमात लिहिलेलं नाही.

मामांना हे सगळं फोनवर सांगितलं. ठासणीच्या परवान्यासाठी अर्ज करायचा का, असंही विचारलं. त्यांनी या हंगामात झटका मशीन बसवलंय, सोलरवालं, आणि कुंपणाला बायकोच्या जुन्या साड्या. डुक्कर येतंच. पण आता ते शेजाऱ्याच्या वावरातून येतं, आणि त्यावरून दोघांचं बोलणं बंद आहे.