ओर्वालचा मठ व तेथील बीअर

प्रार्थनेंत व मौनांत आयुष्य घालविणारे मठवासी बीअर तयार करितात, हें ऐकून आमचे कित्येक वाचक तोंडांत बोटें घालतील. परंतु मठवाशानें आपल्या हातांच्या कष्टांवर जगावें असा संत बेनेडिक्टच्या नियमावलीचा दंडक आहे, आणि ट्रापिस्ट संघ तो कसोशीनें पाळतो. कोठें चीज करितात, कोठें पाव, तर बेल्जम देशांत बीअर. (जेवणाबरोबर मोजकें द्राक्षमद्य घेण्याची मुभा खुद्द त्या नियमावलींत आहे, हेंही सांगून ठेवितों.)

बेल्जमच्या दक्षिण टोकास, फ्रान्सच्या सीमेलगत, रानांत ओर्वालचा मठ आहे. १०७० सालीं इटलींतील कालाब्रियाहून आलेल्या बेनेडिक्टीन मठवाशांनीं तेथें वस्ती केली. पुढें ११३२ सालीं सिस्टर्शियन आले. तोस्काना प्रांताची स्वामिनी मातिल्दा तेथील झऱ्याकांठीं बसली असतां तिच्या लग्नाची आंगठी पाण्यांत पडली, अशी आख्यायिका आहे. त्या विधवेनें देवाचा धांवा केला, तोंच एक मासा आंगठी तोंडांत धरून वर आला. हें सोन्याचें खोरेंच आहे, असे उद्गार तिनें काढले, आणि त्यावरून ओर्वाल हें नांव पडलें. आख्यायिकेस पुरावा मागूं नये. पण त्याच झऱ्याचें पाणी आजही बीअरला लागतें, व तो मासा प्रत्येक बाटलीवर आहे.

१७९३ सालीं फ्रेंच राज्यक्रांतीच्या सैन्यानें मठ जाळला. शंभरांहून अधिक वर्षें तेथें पडक्या भिंतीच उभ्या होत्या. १९२६ सालीं जागेच्या मालकांनीं ती ट्रापिस्टांस देऊं केली, आणि डोम मारी-आल्बेर व्हान डेर क्रॉइसन यांनीं पुनर्बांधणी अंगावर घेतली. देवळाच्या छपरासाठीं ज्यांनीं दारोदार वर्गणी मागितली आहे, त्यांस पुढची अडचण सांगावयास नको. बेल्जमच्या टपाल खात्यानें जादा किंमतीचीं तिकिटें काढून हातभार लाविला. १९३१ सालीं मठाच्या आवारांत बीअरचा कारखाना निघाला. कामास गृहस्थ, देखरेख मठाची. अशा पैशांतून भिंती उठल्या, आणि १९४८ सालीं नव्या देवळाचा अभिषेक झाला.

चवीविषयीं थोडें. मोड आणून वाळविलेल्या सातूचा काढा करून त्यांत हॉप वेलीचीं कडवट फुलें उकळतात. तो आंबल्यावर तीं फुलें पुन्हां भिजत घालितात व रानटी जातीचें खमीर मिसळतात. हें खमीर बंद बाटलींतही काम करीत राहतें. म्हणून ताज्या बाटलीस फुलांचा दरवळ असतो. सहा महिन्यांनीं तो मागें पडतो, गोडवा जातो, आणि किंचित चामड्यासारखा वास येतो. अल्कोहोल शेंकडा ६.२. गोडास सरावलेल्या जिभेस ही बीअर एकदम रुचेल असें आम्हांस वाटत नाहीं.

ट्रापिस्ट मठांच्या मालावर षट्कोनी शिक्का असतो. माल मठाच्या आवारांत व मठवाशांच्या देखरेखीखालीं व्हावा, आणि उत्पन्न मठाच्या निर्वाहास व दानधर्मास जावें, अशा त्याच्या अटी आहेत. बेल्जममधीलच आखेल मठांत मठवासी उरले नाहींत, तेव्हां २०२१ सालीं तेथील बीअरचा शिक्का गेला. कारखाना त्या वेळीं चालूच होता.