विहिरीवरच्या सात बाया



गावाबाहेरची जुनी विहीर डोळ्यापुढं आणा. काठावर, नाहीतर उतरायच्या पायऱ्यांजवळ एखाद्या कोनाड्यात, शेंदूर लावलेले सात दगड ओळीनं मांडलेले असतात. पुढं हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या, कधी खण-नारळ, कधी दहीभात. या साती आसरा. कुठं त्यांना मावलाया म्हणतात, कुठं नुसतं 'बाया' म्हणतात. आज आपण त्यांचा इतिहास बोलणार आहोत. इतिहास म्हटलं की राजे आणि लढाया आठवतात. पण आसरांच्या इतिहासात आपल्या आज्या आहेत, आया आहेत आणि आपणही आहोत.

आमच्या गटात हा विषय निघाला तो एका बाळंतिणीवरून. गटातल्या एकीची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठव्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला. घरात पहिला प्रश्न निघाला, "तिन्हीसांजेला विहिरीकडं गेली होती का?" मग ओटी झाली, उतारा झाला. दवाखान्याचं नाव निघायला दोन दिवस लागले. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणात जंतुसंसर्ग झालाय, अजून एक दिवस गेला असता तर अवघड होतं. लेक वाचली. पण ते दोन दिवस आमच्या मनातून जाईनात. म्हणून आम्ही म्हाताऱ्या बायांशी बोललो, थोडं वाचलं, आणि जे कळलं ते आज तुमच्यापुढं मांडतोय.

आधी नावाबद्दल. संस्कृतात 'अप्' म्हणजे पाणी. पाण्यात वावरणाऱ्या त्या अप्सरा. 'अप्सरा'चं बोलता बोलता 'आसरा' झालं, असं लोकसाहित्याचे अभ्यासक सांगतात. आधार या अर्थाचा आसरा शब्द वेगळा, तो 'आश्रय'वरून आला. अप्सरा आणि माणूस यांची गोष्ट फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात उर्वशी आणि पुरूरवा राजाचा संवाद आहे. अप्सरा माणसाच्या घरी नांदते, पण अटीवर. अट मोडली की ती निघून जाते, आणि राजानं कितीही विनवलं तरी परत येत नाही. सात जणींची जोडीही जुनीच. वेरूळच्या लेण्यांत सप्तमातृका कोरलेल्या आहेत, त्यांच्यातल्या कुणाकुणाच्या मांडीवर लेकरू आहे. आपल्या विहिरीवरचे सात दगड त्यांच्याच नात्यातले असावेत, असं पुष्कळ अभ्यासकांना वाटतं.

आसरांचं आणि माणसांचं नातं देण्याघेण्याचं आहे. विहीर खणायला घेतली की नारळ फोडायचा. पाणी लागलं की ओटी भरायची. बाळंतीण सव्वा महिन्यानं पहिल्यांदा पाण्यावर जाते, तेव्हा विहिरीची पूजा करते. पाण्यात थुंकायचं नाही, खरकटं टाकायचं नाही. ऐन दुपारी आणि तिन्हीसांजेला एकटीनं जायचं नाही. म्हाताऱ्या सांगतात, आसरा लांब मोकळ्या केसांच्या, देखण्या असतात. प्रसन्न झाल्या तर विहिरीला पाणी आणि कुशीला लेकरू देतात, रागावल्या तर ओढून नेतात.

यातले कितीतरी नियम शहाणपणाचे आहेत. पाणी घाण करू नका, हे तर आजही सांगावं लागतं. कठडा नसलेल्या, शेवाळलेल्या पायऱ्यांच्या विहिरीवर एकटीनं जाऊ नये हेही खरंच. जुन्या, बंद पडलेल्या विहिरीच्या तळाशी विषारी वायू साठतो आणि गाळ काढायला उतरलेला धडधाकट माणूस क्षणात कोसळतो. पायऱ्यांच्या विहिरींतून नारूही पसरायचा. नारूचा रोगी पाण्यात पाय बुडवून उभा राहिला की रोगाची बीजं पाण्यात मिसळायची. महाराष्ट्रासह सात राज्यांत हा रोग होता. पाणी गाळून प्यायचं आणि विहिरीत उतरणं बंद करायचं, या दोन गोष्टींवर भर देऊन देशानं तो घालवला, आणि २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे पाण्याचं भय खोटं नव्हतं.

पण म्हाताऱ्यांना आम्ही एक प्रश्न विचारला. आसरा धरतात कुणाला? उत्तर सगळीकडं एकच आलं. नुकती शहाणी झालेली पोर, नवी नवरी, गरोदर बाई, बाळंतीण, मूल न होणारी. पुरुषाला धरल्याच्या गोष्टी आहेत, पण थोड्या. पाणी भरायला तर सगळ्याच बाया जात होत्या. मग याच का? कारण याच वयात रक्त कमी पडतं, फिट येते, बाळंतपणाचा ताप येतो. याच वयात सासरी उपास आणि मार पडतो, आणि बाई घुमी होऊन बसते. या सगळ्याला घरात एकच नाव होतं, 'बाहेरचं लागलं'. त्या नावामागं खरं दुखणं झाकलं जायचं.

हे आपल्याकडंच होतं असं नाही. युरोपात आयर्लंड नावाचा देश आहे. तिथंही माळावर, टेकाडावर राहणाऱ्या अशाच अदृश्य मंडळींवर लोकांचा विश्वास होता. नाव घेतलं तर रागावतील म्हणून त्यांना 'भली माणसं' म्हणायचे, जसं आपण 'बाया' म्हणतो. ही मंडळी बाळंतिणीला नाहीतर तरण्या बाईला उचलून नेतात आणि तिच्या जागी तिच्यासारखी दिसणारी दुसरीच ठेवतात, असं मानत. १८९५ च्या मार्च महिन्यात तिथं ब्रिजेट क्लिअरी नावाची सव्वीस वर्षांची बाई आजारी पडली. ती शिवणकाम करायची, घरात स्वतःचं शिलाई मशीन होतं, कोंबड्यांची अंडी विकून चार पैसे हातात राखायची. नवरा म्हणू लागला, ही माझी बायको नाहीच. नातेवाइकांसमोर तिला कडू पाला पाजला, आगीजवळ धरलं, आणि शेवटी नवऱ्यानं तिला जाळलं. कोर्टानं त्याला वीस वर्षांची शिक्षा दिली. घरात माणसं होती, कुणी थांबवलं नाही, ही गोष्ट आम्हाला सगळ्यात जास्त लागली. हुशार, हातात पैसा असलेली बाई आजारी पडली, आणि ती 'आपली नाही' असं म्हणायला घरच्यांना एक गोष्ट तयार मिळाली.

आता आपल्या बीडकडं येऊ. आपला जिल्हा अवर्षणाचा. बीडजवळची खजाना विहीर निजामशाहीच्या काळातली, सोळाव्या शतकातली. दुष्काळातही तिचं पाणी टिकतं म्हणून तिचं नाव आजही घेतात. पण गावोगावच्या साध्या विहिरी भरल्या बायांच्या डोक्यांनी आणि कमरांनी. सगळ्या बायांना त्या सारख्या खुल्याही नव्हत्या. दलित बाईला पायरी चढायची बंदी होती. वरून कुणी पाणी ओतेल म्हणून तिनं तासन् तास थांबायचं. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला तो याच अन्यायासाठी. म्हणजे बाईला पाण्याचं भय दोन प्रकारचं होतं, आसरांचं आणि माणसांचं. माणसांचं भय जास्त खरं होतं.

मग १९७२ चा दुष्काळ आला. आपल्या आज्यांनी खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली, सुकडी खाल्ली. त्याच सुमाराला गावात बोअर आणि हातपंप येऊ लागले. शेजारच्या जालन्यात घडवलेला मजबूत हातपंप पुढं देशभर गेलेल्या पंपाच्या पूर्वजांपैकी एक. हातपंपाला पायऱ्या नाहीत, अंधार नाही. एक म्हातारी आम्हाला म्हणाली, "बाई, बोअरला कुठल्या आल्यात आसरा?" आम्ही हसलो. पण पाण्याचं मरण संपलं नव्हतं. २०१६ च्या उन्हाळ्यात आपल्याच जिल्ह्यात हातपंपावर पाणी भरताना एक शाळकरी पोर उन्हानं कोसळून गेली. त्या वेळी आसरांचं नाव कुणी घेतलं नाही. ऊन, टंचाई आणि पाण्याच्या फेऱ्या हीच कारणं पेपरात आली. कारण खरं लिहिलं गेलं, म्हणून टंचाईवर प्रश्न विचारता आले.

आणि विहिरीत गेलेल्या सुना? प्रत्येक गावात अशी एखादी गोष्ट आहे. "आसरांनी नेली" म्हटलं की सासरला विचारायचं थांबतं, माहेरचं तोंड बंद होतं, आणि दुसऱ्या दिवशी लोक त्याच विहिरीवर नारळ फोडतात. गेलेली कशी नांदत होती, हे कुणी विचारत नाही. म्हणून १९८३ साली कायद्यात बदल झाला. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईनं आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर शवविच्छेदन आणि दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी होते. नव्या कायद्यातही ही तरतूद आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, चटके देणं गुन्हा ठरवलं आहे.

मैत्रिणींनो, ओटी भरणं सोडा असं आम्ही म्हणत नाही. पाण्याचा मान ठेवणं चांगलंच. आमच्यातल्या पुष्कळ जणी विहीर पुजतात, पुजतील. पण गटात आम्ही तीन गोष्टी ठरवल्यात. बाळंतिणीला ताप, फिट, जास्त रक्तस्राव झाला तर आधी १०८ ला फोन, मग बाकीचं. कुणी बाई गप्प झाली, तर 'काय लागलं' न विचारता 'काय झालं' विचारायचं, आणि मार असेल तर १८१ किंवा ११२ ला कळवायचं. गावात कुणी बाई पाण्यात गेली, तर आसरांचं नाव घेऊन विषय मिटवू द्यायचा नाही.

त्या लेकीचं बाळ आता रांगतंय. सव्वा महिन्यानं ती विहीर पुजायला गेली तेव्हा आम्ही सगळ्या बरोबर होतो. तिच्या आईनं सात दगडांना कुंकू लावलं आणि म्हणाली, "आयांनो, तुमच्यावर उगीच आळ घेतला होता."

तुमच्या गावच्या विहिरीची, तिथल्या बायांची गोष्ट पुढच्या बैठकीत नक्की सांगा. म्हाताऱ्यांना विचारा, त्यांच्याकडं पुष्कळ शिल्लक आहे. नमस्कार.