तंत्रिका उद्दीपन, विद्युत् (घरगुती)

त्वचेवर चिकटविलेल्या विद्युत् अग्रांतून (इलेक्ट्रोडांतून) सौम्य, स्पंदरूप प्रवाह सोडून तंत्रिका (मज्जातंतू) चेतविणे व त्यायोगे वेदना कमी करणे, अशी ही पद्धती असून इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘टेन्स’ म्हणून ओळखली जाते. चेंबूरसारख्या मुंबईच्या उपनगरांत हे तळहाताएवढे उपकरण भौतिकोपचार केंद्रांप्रमाणेच गुडघेदुखी वा कंबरदुखी जडलेल्यांच्या घरीही आढळते. बोलीत अशा उपचारांना सरसकट ‘शेक’ म्हटले जाते. परंतु या प्रवाहाने ऊतके तापत नाहीत.

विजेचे स्वरूप ज्ञात नसतानाही तिचा वेदनाशामक उपयोग होत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने डोकेदुखी व वातरक्त यांवर विद्युत् मत्स्याचा स्पर्श सुचविला होता. अठराव्या शतकात घर्षणविद्युत् यंत्रे आली. पुढे घरगुती विद्युत् उपकरणांचा मोठा व्यापार झाला व अवास्तव दाव्यांमुळे वैद्यकात त्यांची पत गेली.

ती १९६५ नंतर सावरली. त्या वर्षी रॉनल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांतानुसार स्पर्शवाहक जाड तंतूंचे संदेश मेरुरज्जूत वेदनासंदेशांची वाट अडवितात. दुखरा भाग चोळल्याने बरे का वाटते, याचाही उलगडा त्यातून होतो. १९६७ मध्ये वॉल व विल्यम स्वीट यांनी त्वचेच्या तीव्र, जुनाट वेदना असलेल्या आठ रुग्णांच्या तंत्रिका सेकंदाला १०० स्पंदांनी चेतविल्या. चौघांना दोन मिनिटांच्या उद्दीपनानंतर अर्ध्या तासाहून अधिक आराम पडला. त्याच वर्षी नॉर्मन शीली यांनी मेरुरज्जूवर विद्युत् अग्र बसविण्याची शस्त्रक्रिया केली. अशी शस्त्रक्रिया कोणास उपयुक्त ठरेल, हे अजमावण्यासाठी त्वचेवरून प्रवाह देऊन पाहत. काहींना त्या चाचणीनेच पुरेसा आराम पडला आणि चाचणीचे साधन स्वतंत्र उपचार बनले. ट्रँझिस्टरमुळे १९७० नंतर ते कमरेला अडकविण्याइतके लहान झाले.

मुंबईत भौतिकोपचाराचा पाया त्याआधीच घातला गेला होता. १९५० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे विद्यालय निघाले व १९५५ मध्ये अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. चेंबूरलगतच्या ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्रात शरीरातून क्षीण प्रवाह नेऊन रक्ताभिसरण मापणारे उपकरणही विकसित झाले. मात्र त्याचा हेतू निदानाचा होता, वेदनाशमनाचा नव्हे.

उपकरण घरी आले, तेव्हा विद्युत् अग्रे कोठे लावावयाची व प्रवाह किती वाढवावयाचा, हा निर्णयही रुग्णाकडे आला. मुंग्या याव्यात पण दुखू नये, इतपत प्रवाह ठेवतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३८१ चाचण्यांच्या आढाव्यात उद्दीपन चालू असताना व लगेच नंतर वेदना घटल्याचे दिसले. याउलट ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेने कंबरदुखीसाठी ही पद्धती देऊ नये, असे सांगितले. मूळ विकार तिने बरा होत नाही. निदान न झालेली वेदना तिने दाबून ठेवल्यास उपचारास विलंब होण्याचा धोका असतो. हृदयगती-नियामक (पेसमेकर) बसविलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून ती वापरू नये. गळ्याच्या पुढील बाजूस, जखमेवर, तसेच गरोदरपणी पोटावर विद्युत् अग्रे लावू नयेत.

भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली असून त्यांत या उपकरणाचाही समावेश होतो.